‘मित्रोफॅनॉफ’ करू म्हणतात, पण हा मित्रोफॅनॉफ कोण?

प्रश्न : माझी नात ९ वर्षांची आहे. जन्मतः पाठीवर गाठ होती, स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न जुळणं. ऑपरेशन झालं, पण लघवीवर ताबा नाही. सूनबाई दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लघवी काढते. आता डॉक्टर म्हणतात, ‘मित्रोफॅनॉफ’ करू, अपेंडिक्सची वाट करून बेंबीतून लघवी काढता येईल. मी नेटवर शोधलं तर या गृहस्थांचा मूळ लेख १९८० सालचा आणि फ्रेंचमधला. इतक्या जुन्या, एका माणसाच्या कल्पनेवर पोरीचं पोट उघडायचं का?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, तुम्ही थेट मूळ लेखापर्यंत पोचलात. माझ्या हाताखाली शिकलेल्या सर्जनांपैकीही फार थोडे तिथवर गेले असतील!

पॉल मित्रोफॅनॉफ हे फ्रान्समधल्या रुआँ शहरातले लहान मुलांचे सर्जन. पण कल्पना एकट्याची नव्हे, तिला आधीचा पाया आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॅक लॅपिडीस यांनी सहकाऱ्यांसह १९७२ साली लिहिलं, की नळी निर्जंतुकच हवी असं नाही, स्वच्छ असली तरी पुरे. लघवीची पिशवी तटतटून फुगली की तिच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंना थारा मिळतो, म्हणून ती वेळेवर रिकामी होणं जास्त महत्त्वाचं. तेव्हा अनेकांना हे पटलं नव्हतं. आज तुमची सूनबाई घरात साबणाने हात धुऊन जे करते, ते त्याच लेखाच्या जोरावर.

अडचण उरली ती वाटेची. पायाला कॅलिपर लावलेल्या किंवा व्हीलचेअरवरच्या मुलीने शाळेच्या संडासात आरसा धरून लघवीची ती जागा शोधायची कशी? मित्रोफॅनॉफ यांनी अपेंडिक्स मोठ्या आतड्यापासून सोडवलं, पण त्याला रक्त पुरवणारा पडदा तसाच राखला. एक टोक मूत्राशयाच्या अस्तराखालून बोगद्यासारखं तिरकं नेलं, दुसरं पोटाच्या त्वचेवर उघडलं. पिशवी भरत गेली की आतला दाबच तो बोगदा चेपून टाकतो आणि लघवी बाहेर झिरपत नाही. वेगळी झडप बसवावी लागत नाही. मला विचाराल तर आमच्या शास्त्रातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे.

लेख फ्रेंचमध्ये असल्याने इंग्रजी जगात ती जरा उशिराच रुळली. फिलाडेल्फियाच्या जॉन डकेट आणि हॉवर्ड स्नायडर यांनी १९८६ साली ‘मित्रोफॅनॉफ तत्त्व’ या नावानेच तिचे निरनिराळे प्रकार मांडले. अपेंडिक्सचं एवढं कौतुक नको, अस्तराखालून जाणारी अरुंद नळी हवी, हे त्यातून ठसलं. इंग्लंडमध्ये पॅड्रिग मॅलोन यांनी १९९० साली तीच वाट आतड्यात एनिमा देण्यासाठी वापरली. ब्राझीलच्या माँटी यांनी १९९७ साली लहान आतड्याच्या तुकड्यापासून तशीच नळी करून दाखवली, म्हणजे अपेंडिक्स नसलेल्यांचीही सोय झाली. तेव्हा ‘एका माणसाची जुनी कल्पना’ ही धास्ती सोडा. चार दशकं जगभरच्या सर्जनांनी ती घासूनपुसून घेतली आहे.

काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टींची करा. त्वचेवरचं तोंड आकसतं, ही नेहमीची कटकट. कधी ते पुन्हा रुंद करावं लागतं. आतडं जोडून पिशवी मोठी करणार असतील तर चिकट स्राव आणि खडे होतात, म्हणून नियमित धुणं आलं. स्पायना बायफिडाच्या मुलांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी होण्याचा धोका बराच असतो, हातमोजे आणि नळ्या लॅटेक्सविरहित घेणार ना, हे विचारा. बद्धकोष्ठही बहुधा असेलच. मग एकाच अपेंडिक्सवर दोन दावेदार, लघवी आणि एनिमा! ते लांब असेल तर कधीकधी विभागता येतं. तुमचे सर्जन काय करणार, हे आधी ठरवून घ्या. नळी पुढे नातीनेच घालायची आहे, म्हणून या बोलण्यात तिलाही बसवा. आणि तोवर तिच्या पोटाचं दुसरं काही ऑपरेशन निघालंच, तर ‘जाता जाता अपेंडिक्सही काढून टाकू’ याला बिलकूल हो म्हणू नका.