इंग्लंडमधलं घर भाड्यानं दिलंय, तरी काउन्सिल टॅक्सचं (स्थानिक प्रशासनाच्या घरावरच्या कराचं) बिल माझ्याच नावे आलं. जबाबदार भाडेकरू आहे हे कसं सिद्ध करू?

आधी घर कसं दिलंय ते पाहा. खोल्या वेगवेगळ्या करारांवर दिल्या असतील तर ते बहुधा एचएमओ (एकाच कुटुंबातले नसलेले लोक मिळून राहतात असं घर) ठरतं आणि टॅक्स मालकाचाच. करारात काहीही लिहा, काउन्सिलवर ते बंधनकारक नाही. अख्खं घर एकाच करारावर असेल, तर १९९२ च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स कायद्यातल्या कलम ६ च्या क्रमानुसार तिथे राहणारा भाडेकरू आधी येतो, बाहेर राहणारा मालक शेवटी.

नुसता करार पाठवून भागत नाही, कारण प्रश्न ‘तिथे खरंच कोण राहत होतं’ हा असतो. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, डिपॉझिट संरक्षणाचं प्रमाणपत्र, भाडं जमा झाल्याच्या बँक नोंदी, चावी दिल्याच्या दिवसाचं मीटर रीडिंग आणि भाडेकरूचे ईमेल जोडा. बहुतेक घोळ तारखांचा असतो: करार १ तारखेचा, माणूस राहायला आला १२ ला. सगळ्या प्रौढ भाडेकरूंची नावं द्या, जबाबदारी संयुक्त असते.

लेखी हरकत घ्या, फोनवर विसंबू नका. काउन्सिलनं नकार दिला तर त्या पत्रापासून दोन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे (अशा वादांचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) अपील करता येतं. दोन महिने उत्तरच आलं नाही तरीही जाता येतं.