अडखळत्या वाचनाला ज्येष्ठांची सोबत

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त हिशेबनीस आहे. वाचनात मागे पडलेल्या मुलांना शिकवण्याची इच्छा आहे. परंतु अध्यापनाचा अनुभव नसल्याने माझ्या हातून नुकसान तर होणार नाही ना, अशी धास्ती वाटते.

उत्तर : धास्ती रास्त आहे, पण तिच्यामुळे मागे हटू नका. अमेरिकेतील ‘एक्सपिरियन्स कोअर’ या उपक्रमात ५० वर्षांपुढील स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन बालवाडी ते तिसरीच्या मुलांना वाचनात साहाय्य करतात. तसे प्रशिक्षण आपणही शाळेकडे आवर्जून मागावे. मूल ‘पुस्तक’मधल्या ‘स्त’वर बोट ठेवून थांबले, की शब्द चटकन सांगून टाकण्याचा मोह होतो (मला अजूनही होतो). त्याऐवजी मनात ५ आकडे मोजावेत, मग ‘स्’ आणि ‘त’ वेगळे उच्चारून ते जोडण्याचे काम मुलावरच सोपवावे आणि शब्द जमल्यावर संपूर्ण वाक्य पुन्हा वाचून घ्यावे, कारण अक्षरे जुळवण्यात गुंतलेल्या मुलाच्या हातून बहुधा अर्थ निसटलेला असतो. वारंवार होणाऱ्या चुका टिपून वर्गशिक्षकांना दाखवाव्यात. ठरलेला वार मात्र चुकवू नये. येणे जमणारच नसेल, तर मुलाला ते आधी सांगावे.