गुलमर्गच्या हॉटेलातून स्की चोरीला गेल्या. भरपाई कोणी द्यायची?

पुण्याचे एक वाचक गेल्या वर्षी फेब्रुवारीत स्वतःच्या स्की घेऊन गुलमर्गला गेले होते. संध्याकाळी हॉटेलच्या स्की-रूममध्ये त्यांनी स्कीची जोडी तेथील कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि क्रमांकाचे टोकन घेतले. बूट मात्र बाहेरच्या व्हरांड्यात हीटरजवळच्या उघड्या फळीवर स्वतःच वाळत ठेवले. सकाळी दोन्ही गायब; दावा दीड लाखाचा आहे. टोकनाच्या मागे ‘सामान ठेवणाऱ्याच्या जबाबदारीवर’ असे छापले आहे, त्यामुळे आपण बांधील नाही, असे हॉटेलचे म्हणणे आहे. वाचकांनी पोलिसांत तक्रार दिली नाही, विमा कंपनीला तीन आठवड्यांनी कळवले आणि त्यानंतर वर्षभर व्यवस्थापकाशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत राहिले. अशा आशयाची पत्रे हिवाळा संपला की हमखास येतात. कोणाचे सामान कोंगदूरीला गंडोलाच्या (रोपवेच्या) थांब्याबाहेरून गेलेले असते, कोणाचे भाड्याच्या दुकानातून.

बहुतेक सर्वांचा भर त्या छापील ओळीवर असतो आणि ती वाचूनच निम्मे लोक माघार घेतात. वास्तविक त्या ओळीच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते: वस्तू चोरीला गेली त्या वेळी ती कोणाच्या ताब्यात होती? आपण स्की कर्मचाऱ्याच्या हाती दिल्या, त्याने त्या स्वीकारल्या आणि ओळख पटवण्यासाठी टोकन दिले, त्याच क्षणी भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 148 चा निक्षेप पूर्ण झाला, म्हणजे वस्तू परत करण्याच्या अटीवर हॉटेलच्या ताब्यात गेली. त्यानंतर कलम 151 लागू होते. सामान्य विवेकाचा माणूस तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी घेणे हॉटेलवर बंधनकारक ठरते. हे कलम निक्षेपाच्या सर्व प्रकारांना लागू असल्यामुळे ‘स्की-रूमचे वेगळे पैसे आम्ही घेतच नाही’ हा बचावही फारसा टिकणारा नाही.

छापील ओळीचे काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात 14 नोव्हेंबर 2019 रोजी दिलेले आहे. दिल्लीच्या हॉटेलात आलेल्या पाहुण्याने मोटार आणि किल्ली हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे सोपवली होती, पार्किंगच्या चिठ्ठीवर जबाबदारी पाहुण्याची असल्याचे छापलेले होते आणि मोटार दुसराच कोणीतरी घेऊन गेला. न्यायालयाने असे ठरवले की ताबा एकदा घेतला की वस्तू सुस्थितीत परत करण्याचे बंधन येते; ती परत करता आली नाही, तर नुकसान आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणामुळे झालेले नाही, हे प्रथम हॉटेलने दाखवायचे असते, आणि ते दाखवल्यानंतरच सूट देणाऱ्या अटीचा विचार होऊ शकतो. निर्णय मोटारीबाबत आहे, स्कीबाबत नाही, आणि हॉटेलचा वकील हा फरक नक्कीच दाखवील. तरीही ताब्याचे तत्त्व वस्तूगणिक बदलण्याचे कारण मला दिसत नाही. जाता जाता एवढेच सांगतो की ती मोटार 1998 च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेली होती. मोटारीच्या चोरीवर शेवटचा शब्द उच्चारायला आपल्या व्यवस्थेला एकवीस वर्षे लागली.

म्हणून टोकन जपून ठेवा. ते आपल्याजवळ अजून आहे की नाही, हे इतक्या लांबलचक पत्रात आपण कोठेही लिहिलेले नाही, आणि मला सर्वांत आधी तेच जाणून घ्यायचे आहे. टोकन हरवले असेल, तर व्यवस्थापकाच्या संदेशांतून ‘तुमच्या स्की आमच्या रूममधून गेल्या’ अशा अर्थाची एखादी कबुली शोधा आणि तो फोन विकू नका.

बुटांची गोष्ट निराळी आहे. ते आपण स्वतः उघड्या फळीवर ठेवले, कोणी स्वीकारले नाहीत, त्यामुळे निक्षेप सिद्ध करणे कठीण जाईल. मुक्कामाच्या आवारात पुरेशी सुरक्षा नव्हती, म्हणून सेवेत त्रुटी होती, असा युक्तिवाद करता येतो. तो मान्य होईलच असे मी सांगणार नाही. कोंगदूरीला चहा घेताना स्की बाहेर बर्फात रोवून आत बसणाऱ्यांची स्थिती याहूनही कमकुवत असते. भाड्याने स्की घेणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावे की तेथे निक्षेपाची दिशा उलटते: दुकानाची वस्तू आपल्या ताब्यात असते आणि कलम 151 ची कसोटी आपल्यालाच लागते.

विम्याकडून मला फारशी आशा नाही. पॉलिसीचा मजकूर पाहिल्याशिवाय ठाम बोलणे योग्य नव्हे, पण प्रवास विम्यात पोलीस अहवालाची अट आणि लक्ष नसताना ठेवलेल्या सामानाचा अपवाद बहुधा असतो. विमा कंपनीला उशिरा कळवले एवढ्याच कारणावरून वाहनचोरीचा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात म्हटले आहे खरे; मात्र तेथे पोलिसांत गुन्हा ताबडतोब नोंदवलेला होता. आपण नेमके तेच केले नाही. हॉटेलातून बाहेर पडण्याआधी तासभर काढून पोलीस ठाण्यात जाणे आणि सीसीटीव्हीचे चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी करणे ही दोन कामे कोणत्याही वकिलावाचून होण्यासारखी होती. ते चित्रण आज मिळण्याचा संभव अगदी कमी आहे.

गुन्हा आजही नोंदवता येईल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार घटना कोठेही घडली असली तरी पुण्यातील ठाण्यात माहिती देता येते, आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. वस्तू जपून ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये येते. उशिराचे कारण विचारले जाईल, तेव्हा व्यवस्थापकाने ‘शोधतो आहोत’ असे सांगून थांबवले, हे खरे कारण संदेशांसह द्या. स्की सापडतील या आशेने नव्हे, तर घटना घडली याची सरकारी नोंद व्हावी म्हणून हे करायचे आहे.

आता मुदतीविषयी, कारण इथे चूक झाली तर वरचे सर्व व्यर्थ जाईल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रार करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल झाली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेल्या आश्वासनांनी हे घड्याळ थांबत नाही. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण पुरेसे कारण द्यावे लागते, आणि ‘आम्ही बोलत होतो’ हे कारण पुरेसे मानले जाईल यावर मी दीड लाखाचा दावा सोपवणार नाही. आपली मुदत येत्या फेब्रुवारीत संपते. काश्मीरला खेपा घालण्याची गरज नाही; कलम 34 प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे पुण्यातच. हॉटेलला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास दाखल करण्याचे शुल्कही नाही. तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्या प्रयत्नाला किती तारखा लागतील याची हमी कोणी देऊ नये.

पंधरा दिवसांची नोटीस याच आठवड्यात नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि तिच्यात स्की व बुटांच्या रकमा वेगवेगळ्या मांडा, म्हणजे बुटांचा कमकुवत दावा स्कीच्या दाव्याला खाली ओढणार नाही. खरेदीची पावती नसेल तर कार्डाचे विवरणपत्र, जुनी छायाचित्रे आणि स्कीवर कोरलेला अनुक्रमांक जोडा. वापरलेल्या वस्तूचा घसारा आयोग वजा करील, तेव्हा नव्या जोडीची किंमत मागून विश्वासार्हता घालवू नका. हॉटेलने स्कीची घसारा वजा जाता रास्त किंमत देऊ केली, तर बुटांवर पाणी सोडून तडजोड करावी, असे माझे मत आहे. मात्र रक्कम खात्यात जमा होईपर्यंत कोणत्याही पावतीवर सही करू नका.