वाचकांचे प्रश्न : बंदासिंह बहादूर, मागची वाट असलेला गड आणि नसलेली गढी

प्रश्न : मनमाड-भुसावळमार्गे नांदेडला जाणाऱ्या पंजाबी यात्रेकरूंच्या तोंडी ‘बंदा घाट’ हे नाव ऐकलं. हा बंदा कोण? त्याचा आपल्या खानदेशाशी काही संबंध? (भुसावळ)

उत्तर : बंदासिंह बहादूर म्हणजे पंजाबात मुघलांशी लढलेला शीख सेनानी. जन्म १६७० चा, जम्मूकडच्या राजौरीचा. मूळ नाव लछमन देव. पुढे बैरागी होऊन माधोदास झाला आणि नांदेडला गोदाकाठी मठ बांधून राहिला. आजचा बंदा घाट गुरुद्वारा त्याच्याच आठवणीचा. १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहा धाकटा भाऊ कामबक्षवर चालून दक्षिणेत निघाला, तेव्हा गुरू गोबिंदसिंग त्याच्या छावणीबरोबर होते. खानदेशाचा संबंध इथे येतो. ही छावणी बुऱ्हाणपूरला, म्हणजे खानदेश सुभ्याच्या मुख्य शहरी थांबून आणि तापी ओलांडून नांदेडकडे गेली. बुऱ्हाणपूरच्या बडी संगत गुरुद्वाऱ्यात गुरूंची सुवर्णाक्षरी सही असल्याचं सांगितलं जाणारं हस्तलिखित ग्रंथसाहिब आहे. रावेरहून सकाळी निघालात तर पाहून संध्याकाळी घरी याल.

नांदेडला गुरूंनी माधोदासला शीख केलं, तोच पुढचा बंदासिंह. पाच बाण, निशाण, नगारा, पंजाबातल्या शिखांच्या नावे हुकूमनामे (आज्ञापत्रं) आणि सल्ल्याला पाच जण दिले, बरोबर वीसेक शीख. शिदोरी एवढीच. खरी ताकद हुकूमनाम्यांत होती, कारण माणसं आणि पैसा त्यांच्यामुळेच जमला.

प्रश्न : तोफा नसताना सरहिंदसारखं शहर कसं घेतलं? (अमळनेर)

उत्तर : सरहिंद म्हणजे पंजाबातलं मुघल फौजदाराचं ठाणं. पहिलं कारण, बादशहा पंजाबपासून फार दूर होता. दुसरं, बंदा थेट सरहिंदवर गेला नाही. आधी नोव्हेंबर १७०९ मध्ये समाना घेतलं. गुरू गोबिंदसिंगांचे वडील गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद करणारा जल्लाद याच गावचा. मग सढौरा. गावं पडत गेली तशी शस्त्रं, घोडी आणि सूड घ्यायला आसुसलेले शेतकरी मिळत गेले.

१२ मे १७१० ला छप्पर चिरीच्या मैदानात सरहिंदचा फौजदार वजीरखान समोर आला. गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना मारवणारा हाच. त्याच्याकडे तोफा आणि हत्ती. बंदाकडे भाले, तलवारी, तीरकमठे आणि थोडी घोडी. बंदाच्या बाजूलाही सगळे सारखे नव्हते. श्रद्धेने आलेले होते, सरदारांनी पाठवलेले होते आणि निव्वळ लुटीला आलेलेही होते. तोफांचा पहिला बार होताच हे शेवटचे पळाले. बंदा मागे उभा राहून पाहत होता, तो तेव्हा स्वतः पुढे घुसला. हातघाई झाली की तोफा निकामी, कारण गोळा आपल्याच माणसांत पडतो. वजीरखान पडला आणि दोन दिवसांनी शहर हाती आलं. पुढे बंदाने जमीनदारांची कुळं जमिनीची मालक केली. नाणी पाडली ती गुरूंच्या नावाने, स्वतःचं नाव घातलं नाही.

प्रश्न : लोहगडावरून तो निसटला, मग गुरदास नंगलला कसा सापडला? (शिरपूर)

उत्तर : दोन्ही जागांची जमीन पाहा. हा लोहगड आपला पुण्याजवळचा नव्हे, तो बंदाचा गड, हिमालयाच्या शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी, पाठीला डोंगर. डिसेंबर १७१० च्या सुरुवातीला खुद्द बादशहाच्या फौजेने तो घेरला आणि आत दाणा संपला. तेव्हा गुलाबसिंह नावाचा शीख बंदाचा पोशाख चढवून गडावर राहिला आणि बंदा रात्री डोंगरात गेला. बंदासाठी करवलेल्या पिंजऱ्यात बादशहाने त्याच डोंगरांतल्या नाहण संस्थानाच्या राजाला घातलं, तो बंदाला पकडू शकला नाही म्हणून!

गुरदास नंगल सपाटीवर, गुरदासपूरजवळ. १७१५ मध्ये लाहोरचा सुभेदार अब्दुस्समदखान अंगावर आला तेव्हा बंदा एक मातीचा कोट बांधत होता. तो पुरा होण्याआधीच हल्ला झाला आणि त्याला गावातल्या एका वाड्याचा आसरा घ्यावा लागला. भिंत होती, पण महिनोन्‌महिने पुरेल असा साठा नव्हता. मग शिखांनी शाही कालवा फोडून भोवती पाणी सोडलं. घोडदळ चिखलात अडकतं, म्हणून पहिले काही आठवडे ही युक्ती चालली. पांझरेकाठच्या फडात (एका पाटावरच्या सामायिक शेतांत) कोणी अवेळी पाट फोडला तर काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे : शेजाऱ्याचा रस्ता बंद, तसा आपलाही. सुभेदाराने दलदलीबाहेर मोर्चे बांधून नाकेबंदी केली आणि नुसता बसून राहिला. आतल्यांना बाहेर पडून रसद लुटणं दिवसेंदिवस अवघड झालं.

धान्य संपलं, मग घोडी, गाढवं, झाडपाला, साली. जळण नसल्याने मांस कच्चंच खाल्लं, त्यातून हगवण लागली आणि तलवारीपेक्षा जास्त माणसं तिने नेली. त्यात सल्लागार बिनोदसिंह याच्याशी मतभेद झाले. वेढा फोडून निघू, असं त्याचं म्हणणं. बंदा थांबायच्या मताचा. बिनोदसिंह बाहेर पडला. माझ्या मते तोच बरोबर होता. आठ महिन्यांनी, ७ डिसेंबर १७१५ ला गढी पडली.

प्रश्न : तेव्हा दिल्लीने दक्षिणेतली फौज का बोलावली नाही? (धुळे)

उत्तर : गरजच पडली नाही, आणि इथे तिला उसंतही नव्हती. त्याच वर्षी बुऱ्हाणपूरजवळ सय्यद हुसेनअली आणि दाऊदखान पन्नी हे दोन मुघल सरदार आपसात लढले, त्यात दाऊदखान मेला. खानदेशातल्या वाटा मराठा सरदार खंडेराव दाभाड्यांच्या माणसांनी अडवल्या होत्या, हा आणखी एक व्याप.

प्रश्न : त्याचा मृत्यू कसा झाला? कुठे ९ जून वाचतो, कुठे २० जून. (चोपडा)

उत्तर : लोखंडी पिंजऱ्यात घालून हत्तीवरून २७ फेब्रुवारी १७१६ ला त्याला दिल्लीत फिरवलं. मागे शेकडो कैदी आणि भाल्यांवर मुंडकी. ५ मार्चपासून रोज सुमारे शंभर कैद्यांचा शिरच्छेद. त्या वेळी दिल्लीत असलेल्या इंग्रज वकिलांनी कंपनीला लिहिलं की एकानेही धर्म सोडला नाही. बंदाला तीन महिने ठेवून मेहरौलीला कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्याजवळ नेलं. चारेक वर्षांचा मुलगा अजयसिंह याला त्याच्यासमोर मारलं, मग डोळे काढून, हातपाय तोडून त्याला मारलं.

दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या. ९ जून ही जुन्या ज्युलियन पंचांगाची. अठराव्या शतकात त्यात ११ दिवस मिळवले की आजच्या ग्रेगोरियन पंचांगाची २० जून येते. वरच्या उत्तरांतल्या तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत. टिपण काढताना एकच पंचांग धरा आणि हिजरी तारखेवरून हिशेब केलात तर एक दिवस मागेपुढे होईल हे लक्षात ठेवा, कारण तो महिना चंद्रदर्शनावर चालतो.