टीला बोलावलंय? जेवून जाऊ नका!

लीड्सला नवीन आलात, ऑफिसातल्या बाईंनी ‘साडेपाचला टीला ये’ म्हटलं, आणि तुम्ही विचारताय की आधी घरी जेवून घेऊ का. अजिबात नको. उत्तर इंग्लंडात ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. मी पहिल्या वर्षी चहाबिस्किटांच्या हिशोबाने पोटभर पोहे खाऊन गेलो होतो. समोर आलं शेपर्ड्स पाय (खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर), मटार आणि वर ग्रेव्ही. निम्मं ताट कसंबसं संपवलं.

‘चहा ही खरंच यांची ओळख आहे की टूरिस्टांसाठीचं नाटक?’ हा तुमचा दुसरा प्रश्न. तीन मजली स्टँड, काकडीचं सँडविच, स्कोन (छोटा गोडसर पाव) हा आफ्टरनून टी. तो वाढदिवसाला, नाहीतर आई भेटायला आली की, हॉटेलात. रोजचा चहा मगातला, टीबॅगचा, दूध घातलेला.

तो घरोघरी पोचला स्वस्त झाल्यावर. १७८४ मध्ये चहावरचा ११९ टक्के कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला, आणि चोरट्या चहाचा धंदा बसला. पुढे गिरणी कामगाराच्या पावाबरोबर गरम, गोड काहीतरी म्हणून तोच टिकला. १८३९ पासून लंडनच्या लिलावात आसामचा मालही येऊ लागला. (त्याआधी दरबारात चहाची आवड रुजवली ती पोर्तुगालहून आलेल्या कॅथरीन राणीने. हो, तीच, जिच्या लग्नात आपली मुंबई आंदण गेली!) १९४० मध्ये रेशन लागलं तेव्हा माणशी आठवड्याला २ औंस, जेमतेम ५७ ग्रॅम. ते उठलं १९५२ मध्ये. आणि ४ जुलै १९९० ला, फुटबॉल वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये इंग्लंड पेनल्टीवर हरल्यावर, विजेची मागणी एकदम २८०० मेगावॅटने वाढली. हरले, उठले, केटल लावली.

ऑफिसातली गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. मी तीन महिने फक्त स्वतःचा मग भरून आणायचो. कुणी चकार शब्द काढला नाही. मग एकदा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद दिसला: कुणाला किती दूध, किती साखर. त्यात माझंही नाव होतं, पुढची जागा कोरी. इथे जो उठतो तो सगळ्यांना ‘ब्रू?’ (म्हणजे ‘चहा?’) विचारतो आणि सगळ्यांचा करून आणतो. बॅगवर उकळतं पाणी, तीनचार मिनिटं दम, बॅग काढायची, मग दूध. आपल्यासारखा आलं घालून उकळलात तर कौतुक होईल, पण त्याला ‘चाय’ म्हणतील, टी नाही.

तर साडेपाचला रिकाम्या पोटी जा, सोबत काहीतरी गोड न्या. जेवणानंतर केटल लागेल तेव्हा ‘मी करू का?’ विचारा. ‘बस रे’ म्हणतील, तरी विचारा.