कोल्हापुरात थंड हवामानातील गवताचे लॉन टिकेल का?

ताराबाई पार्कातील बंगल्यापुढे केंटकी ब्लूग्रास आणि टॉल फेस्क्यू या थंड हवामानातील गवतांचे मिश्र बियाणे पेरून बारमाही हिरवे लॉन राखता येईल का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की इथे ही गवते वर्षभर तग धरणार नाहीत, आणि त्याचे मूळ कारण पाणी किंवा खत नसून मातीची उष्णता हे आहे.

या गवतांची पाने साधारण १६ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढतात, तर मुळांना त्याहून थंड, १० ते १८ अंशांची माती मानवते. माती तापली की नवी मुळे फुटेनाशी होतात, जुनी आखडत जातात आणि वरून कितीही पाणी घातले तरी पान सुकतच राहते. एप्रिलमध्ये एखादा ठोंब खुरप्याने उचलून पाहिला, तर आखूड, तपकिरी मुळे हातात येतात. त्यातून जे वाचेल, ते पावसाळ्याच्या उबदार ओलीत बुरशीला बळी पडते.

अमेरिकेच्या उत्तर भागात या लॉनची मुख्य कामे उन्हाळा सरून हवा गार होते तेव्हा, सप्टेंबरच्या सुमारास होतात: घट्ट झालेली माती टोचून मोकळी करणे, विरळ जागी बी टाकणे, नत्राचा मोठा हप्ता देणे. वसंतात खत हात राखूनच देतात, कारण नुसता पाला माजला की उन्हाळा सोसण्याची ताकद उरत नाही. उन्हाळ्यात गवत सात-आठ सेंटिमीटर उंच ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्यापाठोपाठ लगेच पावसाळा येत असल्याने सावरण्याची ती संधी गवताला मिळतच नाही.

म्हणून कायमचे लॉन हरळीचे करावे, आणि हौस असेल तर हिवाळ्यापुरते त्यात पेरेनियल रायग्रास हे थंड हवेतले गवत पेरावे. नोव्हेंबरात रात्री गार झाल्या की हरळी अगदी बुटकी कापून, पडलेला काडीकचरा दाताळ्याने ओढून काढावा, दर चौरस मीटरला ३० ते ४० ग्रॅम बी फोकावे आणि वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा. बी उगवेपर्यंत, म्हणजे पाच ते दहा दिवस, दिवसातून दोन-तीनदा झारीने हलके पाणी शिंपडावे. नंतर पाळ्या लांबवून सकाळीच भरपूर पाणी द्यावे. कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक छाटू नये, आणि यंत्राचे पाते धारदार असावे, कारण बोथट पात्याने फाटलेली टोके पांढुरकी पडून सारे लॉन निस्तेज दिसते. फेब्रुवारीअखेर मात्र कापणी हळूहळू खाली आणावी, म्हणजे खालच्या हरळीला ऊन मिळते आणि रायग्रास वाळेपर्यंत ती जागा धरते.