न आलेल्यांची यादी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाकाच्या सौंदर्य-शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी बोलावलेल्यांपैकी निम्मे आलेच नाहीत. आलेले खूश आहेत, समाधानाचा स्कोअर छान वाढलाय, आणि तेवढ्यावर शोधनिबंध उरकावा असं गाइड म्हणतात. मग माझं मन का खातंय, असं विचारलंयस.

खाऊ दे. न आलेल्यांना शोध.

माझ्या पहिल्या अभ्यासात बावीस जणी परतल्या नाहीत. 'फॉलो-अप उपलब्ध नाही' एवढी ओळ लिहून मी मोकळी झाले. दोन वर्षांनी त्यांतलीच एक वेगळ्या तक्रारीसाठी समोर बसली. शस्त्रक्रिया उत्तम झालेली, व्रण शोधूनही दिसेना. पण आरशापुढे पूर्वीइतकाच वेळ जात होता. पूर्वी नाकाचा उंचवटा खुपायचा, आता नाकपुड्या. तपासणीला का आला नाहीत, विचारलं. म्हणाली, "डॉक्टरांनी एवढं छान केलं, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

मी एकही आकडा बदलला नव्हता, हे आजही ठासून सांगते. हाताशी एकच नर्स होती, पत्ते बदललेले होते, सगळेच तसं लिहीत. हे सगळं खरं आहे. तरी त्या बावीस जणी माझ्या निष्कर्षात नाहीत, आणि तो निष्कर्ष अजून छापील आहे.

आपल्या क्षेत्रात ही गळती आंधळी नसते. स्वतःहून पैसे मोजून केलेल्या गोष्टीबद्दल 'चुकलं' म्हणणं जड जातं. देहभ्रमाचा विकार, म्हणजे स्वतःच्या रूपात नसलेला किंवा नगण्य दोष सतत खुपत राहणं, असलेला रुग्ण तर तुझ्याकडे न येता दुसऱ्या सर्जनकडे जातो. 2006 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं स्तनांच्या सिलिकॉन इम्प्लांटना परवानगी दिली, ती दोन कंपन्यांनी प्रत्येकी सुमारे 40,000 स्त्रियांचा 10 वर्षं मागोवा घ्यावा या अटीवर. तीन वर्षांतच एका कंपनीच्या अभ्यासात पाचातली जेमतेम एक उरली होती. बाकीच्या चौघींचं काय झालं, ते त्या अभ्यासाला कसं सांगता येणार?

आणि नाक आवडलं म्हणजे माणूस बरा आहे, असं धरू नकोस. 2013 साली मानसशास्त्रज्ञ युर्गेन मारग्राफ आणि सहकाऱ्यांनी सौंदर्य-शस्त्रक्रिया झालेल्या 544 जणांशेजारी 264 इच्छा असूनही न केलेले लोक ठेवले, वर्षभर आत्मसन्मान, चिंता, समाधान सगळं मोजलं. शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरीनं फायदा दिसला. चांगली गोष्ट आहे, मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. पण त्यांनी तुलनेला माणसं ठेवली होती. तुझ्याकडे तुलनेला कोण आहे? तूर्त न आलेलेच.

शोध म्हणजे पिच्छा पुरवणं नव्हे, हे तुला सांगायला नको. सहभाग सोडायचा हक्क संमतीपत्रावर लिहिलेला आहे. 'नको' म्हणाले तर तिथेच थांब, आणि 'नको म्हणाले' अशी वेगळी नोंद कर. ज्यांनी संपर्काला परवानगी दिली आहे त्यांना फोन कर, आणि फोन सर्जननं करू नये. फोटो मागू नकोस. झोप, घराबाहेर पडणं, आरशापुढचा वेळ एवढंच विचार. उत्तर वाईट आलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायची सोय आधी करून ठेव, मगच नंबर फिरव.

गाइड रागावतील. निबंध लांबेल. लांबू दे, माझा वेळेवर झाला होता.

पुढच्या आठवड्यात तक्ते पाठवू नकोस. न आलेल्यांची यादी पाठव, नावं झाकून, प्रत्येकापुढे काय प्रयत्न केलास ते लिहून.

तुझी,
मॅडम